घरगाडीतलं गोड पाणी

मालतीबाई सुरवसे आमच्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा नुकत्याच कामावरून निवृत्त झाल्या होत्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात त्या चेकर होत्या. मागावरून उतरलेला टॉवेल उजेडाकडे धरायचा, दोन्ही अंगांनी हात फिरवायचा आणि त्यातली खोट शोधायची, हे त्यांचं काम. सुटलेला धागा, तेलाचा ठिपका, काठाला आलेला झोल. बरोबरच्या तेलुगू बायका गप्पा मारत घड्या घालायच्या, मालतीबाई मान वर करायच्या नाहीत. खोट सापडली नाही तर तोच टॉवेल त्या पुन्हा एकदा बघायच्या.

हा डोळा कारखान्याच्या फाटकात ठेवून घरी यायची सोय नसते. दूधवाल्यानं माप घातलं की त्या भांडं हलवून बघत. भाजीवाली हसली तर का हसली, हे त्यांच्या मनात दिवसभर राही. आम्ही शेजारीही त्यांच्याशी जपून बोलायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "माजा सभाव वाईट हाय," असं त्या स्वतःच सांगायच्या, "पण मला कुणी फसवलं न्हाय अजून." पुढं जे घडलं तेही त्यांनी मला स्वतःच सांगितलं, काही न झाकता.

त्यांचे यजमान एकनाथराव मूळचे मोडनिंबचे. पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. माणूस मोकळा, हसरा, कुणाच्याही पंक्चर झालेल्या स्कूटरशी थांबणारा. लग्नानंतरची सुरुवातीची काही वर्षं ते प्यायचे. मुलगी ऋतुजा झाली आणि त्यांनी सोडली, ती कायमची. लोक विसरले. ऋतुजाला तर वडील कधी प्यायचे हेच ठाऊक नव्हतं. मालतीबाई विसरल्या नाहीत. नवरा उशिरा घरी आला की ताट वाढताना त्या जरा जवळून जायच्या, श्वासाचा वास घ्यायला. त्यांना वाटायचं, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

निवृत्त झाल्यावर एकनाथरावांनी एक जुनी घरगाडी घेतली. डिझेलवरची मिनीबस. आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, गॅस आणि मागच्या कोपऱ्यात एवढीशी न्हाणी केलेली. पुण्याकडच्या एका जोडप्यानं हौसेनं बनवून घेतली होती. आयुष्यभर साहेबांना फिरवलं, आता बायकोला फिरवायचं, असं एकनाथराव म्हणाले. मालतीबाईंनी गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "येवढी चांगली हाय तर विकली कशाला त्यांनी?"

गाडीत एक गोष्ट निराळी होती. ओट्याखालून दोन रबरी नळ्या मागं जात होत्या. इंजिन चालू असताना त्याचं गरम पाणी, म्हणजे कूलंट, त्या नळीतून मागच्या स्टीलच्या टाकीपर्यंत जायचं, टाकीच्या पोटातल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरायचं आणि दुसऱ्या नळीनं इंजिनाकडं परत यायचं. वेटोळं तापलं की टाकीतलं आंघोळीचं पाणी तापायचं. दोन पाण्यांची गाठ पडू नये अशी ती व्यवस्था. पण नळीवरचा कॉक बंद होता आणि वरून तारेनं आवळून टाकला होता. "ते आम्ही वापरत नाही," एवढंच विकणारा म्हणाला. का वापरत नाही, हे कुणी विचारलं नाही. मालतीबाईंनीही नाही, आणि ते त्यांना पुढं फार लागलं.

गाडीचं काम एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या पंचाक्षरीकडं दिलं. पंचाक्षरी अक्कलकोटच्या पलीकडचा, घरी कन्नड बोलणारा, मितभाषी माणूस. त्यानं ऑइल बदललं, फिल्टर बदलले, फॅनबेल्ट नवा टाकला. रेडिएटर खाली उतरवून त्याच्या जाळीत बसलेला कापसाचा फुफाटा पाण्यानं धुऊन काढला. यंत्रमागांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचंच दुखणं. मग हिरवं नवं कूलंट मालतीबाईंच्या डोळ्यांदेखत ओतलं. इंजिनाशेजारी कूलंटची एक पांढुरकी प्लास्टिकची बाटली असते, तिच्यात पाणी कुठवर आहे ते बाहेरून दिसतं. मालतीबाईंनी कपाळावरची टिकली काढली आणि त्या पातळीवर बाटलीला चिकटवली.

"मामी, हे काय?" पंचाक्षरीनं विचारलं.

"खूण हाय."

पंचाक्षरी एकनाथरावांकडं बघून हसला नाही. हात पुसत तो दुसऱ्या गाडीकडं गेला.

जानेवारीत थंडी पडली. मालतीबाईंचे गुडघे धरले. बार्शीला नणंदेकडं, बजाबाईकडं जायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी एकनाथरावांनी ओट्याखाली शिरून कॉकची तार सोडली आणि कॉक उघडला. "तुला न्हाणीत गरम पाणी मिळंल आता," ते म्हणाले. मालतीबाईंना बरं वाटलं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

बार्शीत बजाबाईच्या अंगणात गाडी उभी राहिली. टाकीत तिच्याच बोअरचं पाणी भरलं. सकाळी उठल्यावर तांब्याभर गरम पाणी प्यायचं, ही एकनाथरावांची जुनी सवय. घरी ते गॅसवर तापवून घेत. इथं इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं आणि पंपाचं बटण दाबून न्हाणीचा नळ सोडला की वाफाळतं पाणी येत होतं. त्यांनी तांब्या भरला, उभ्याउभ्या प्यायले. चहाचं आधणही त्याच पाण्याचं ठेवलं.

"पाणी गोड हाय गं हितलं," ते म्हणाले.

आपल्या भागात पाणी एकतर खारं असतं नाहीतर गोड. मालतीबाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी स्वतः मात्र त्या टाकीतला घोटही घेतला नव्हता. आधीच्या मालकानं त्या टाकीत काय भरलं असेल कुणास ठाऊक, म्हणून पिण्याचं पाणी त्या घरून कॅनमध्ये आणत आणि आपला चहा वेगळा करत. "कॅनमधलं घ्या," असं त्या नवऱ्यालाही म्हणाल्या होत्या. "तुजा कशावर तरी इस्वास हाय का?" म्हणून ते हसले होते.

बार्शीच्या मुक्कामात एकनाथराव जरा जास्तच बोलू लागले. बजाबाईला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. न्हाणीतून बाहेर येताना पायरी चुकून दाराला धडकले. बजाबाई हसली, "दादा, म्हातारा झालास." मालतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी हे चालणं पूर्वी पाहिलेलं होतं. त्या जवळ गेल्या. वास नव्हता.

सोलापूरला परत आल्यावर त्यांनी आधी बॉनेट उघडायला लावलं. पाणी टिकलीच्या बरंच खाली गेलं होतं. गाडीखाली कुठंही ओल नव्हती. तरी खात्री म्हणून त्यांनी कारखान्यातून आणलेले खराब मालातले पांढरे टॉवेल इंजिनाखाली पसरले. सकाळी काढले तर कोरडे. थेंबाचा डाग नाही. मग त्यांचा हिशेब सरळ झाला. गळत नाही, म्हणजे भरलंच कमी होतं. वर काहीतरी फेस दाखवला आणि आपल्याला गंडवलं.

गॅरेजमध्ये आणखी दोघंतिघं गिऱ्हाईक उभे असताना त्या पंचाक्षरीला बोलल्या. माणूस बघून माल घालतोस का, असं म्हणाल्या. पंचाक्षरीनं ऐकून घेतलं. मग त्यानं ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं, गाडी चालू करून मागं धुराडं बघितलं.

"ऑइलमध्ये पाणी नाही. धूर पण साफ हाय, म्हणजे इंजिनाच्या आत गळत नाही," तो म्हणाला. "पण पाणी कुठंतरी जातंय मामी. गाडी ठेवून जा, मी प्रेशर लावून बघतो. मामा, तुमी गाडीत काय नवीन केलंय काय?"

एकनाथराव तोंड उघडणार तोच मालतीबाई म्हणाल्या, "आमी काय करणार? करणारे तुमी. गाडी ठिवली की आनकी धा कामं काढशीला."

एकनाथराव गप्प बसले. चारचौघांत बायकोला खोटं पाडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. आणि खरं म्हणजे कॉकचा आणि कूलंटचा काही संबंध असेल, हे त्यांच्याही मनात आलं नव्हतं. मागच्या नळ्या इंजिनाचंच पाणी नेतात आणि तेच परत आणतात, एवढं त्यांना माहीत होतं. पंचाक्षरीनं बाटली पुन्हा टिकलीपर्यंत भरून दिली आणि झाकण लावलं.

घरी असेपर्यंत एकनाथराव ठीक होते. बोलणं नीट, चालणं नीट. मालतीबाई बघत होत्या. गाडीत असले की बिघडतात, घरी आले की सुधारतात. याचा अर्थ एकच लागत होता. बाटली गाडीत आहे.

पुढची खेप मोडनिंबची होती. एकनाथरावांचा लहानपणचा मित्र आप्पा तिथं राहायचा. त्याच्या शेतात, विहिरीशेजारी गाडी लावायची आणि हुरडा होईपर्यंत राहायचं असा बेत. आप्पा संध्याकाळी थोडी घेणारा, हे सगळ्या गावाला माहीत. मालतीबाईंना हा बेत पटला नव्हता. म्हणूनच त्या बरोबर गेल्या.

हमरस्त्याला इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढू लागला. एकनाथरावांनी वेग कमी केला, रस्त्याकडेला गाडी घेऊन इंजिन जरा वेळ तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं. "तू आतच बस," म्हणून ते एकटेच बॉनेटकडं गेले. बॉनेट वर होतं, त्यामुळं आतून काही दिसत नव्हतं. परत आले तेव्हा पॅन्टला हात पुसत होते.

"काय केलं?"

"काय न्हाय. थंड होऊ दिलं."

मोडनिंबला पोचल्यावर पहिल्या सकाळी मालतीबाईंनी एकट्यानं बॉनेट उघडलं. बाटलीतलं पाणी टिकलीच्या वर होतं. खाली गेलेलं त्यांनी बघितलं होतं; वर आलेलं प्रथमच बघत होत्या. पाणी आपोआप वाढत नाही. कुणीतरी हात लावला होता. आणि न विचारता हात लावणारा माणूस आणखी काय काय न विचारता करत असेल, असं त्यांच्या मनात आलं.

त्या मागं फिरल्या तर एकनाथराव विहिरीच्या कडेनं येत होते. पाय नीट पडत नव्हते. "आप्पा कुटं गेला?" हे तीन शब्दसुद्धा त्यांच्या तोंडातून लोळत आले. हातात तांब्या होता.

मालतीबाईंनी त्यांचा दंड धरला आणि सरळ तोंडाजवळ नाक नेलं. आजवर असं उघडउघड त्यांनी कधी केलं नव्हतं. वास नव्हता. वास न येणारीही मिळते म्हणतात, असं त्यांनी मनाशी धरलं आणि गाडी उलथीपालथी केली. गादी उचलली, डबे उघडले, कपड्यांच्या घड्या मोडल्या. गॅसच्या टाकीमागं कापडात गुंडाळलेला एक डबा निघाला. झाकण काढलं तर आत हिरवं कूलंट, निम्मं संपलेलं.

"हे काय हाय?"

एकनाथराव पलंगावर बसले. "पाणी कमी होतंय म्हणून थोडं थोडं घालतोय. तू परत पंचाक्षरीवर जाशील म्हणून बोललो न्हाय."

"काल टिकलीच्या वर भरलं?"

"वर न्हाय. मी टिकलीपातूरच भरतो."

"मग वर कसं आलं?"

"मला न्हाय म्हाईत, मालती."

त्यांचा चेहरा खरं बोलणाऱ्याचा होता. मालतीबाई म्हणतात, तो चेहरा त्यांना तेव्हाही दिसला होता. पण एक गोष्ट लपवलेली सापडली की दुसरीही असणारच, असा त्यांचा आजवरचा अनुभव. एका टॉवेलला डाग निघाला की त्या अख्खा गठ्ठा सोडवायच्या.

दुपारी एकनाथरावांना उलट्या सुरू झाल्या. पोटात कळ येत होती, श्वास जोरात चालला होता. मालतीबाईंनी न्हाणीच्या नळाचं कोमट पाणी ग्लासात भरून त्यांना पाजलं, घसा शेकावा म्हणून. ते पाणीही पोटात ठरलं नाही. आप्पानं एका भावकीतल्याची जीप आणली आणि त्यांना गावातल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी डोळे बघितले, बोलायला लावलं, चालायला लावलं. मग मालतीबाईंकडं वळून हळू आवाजात विचारलं, "घेतात का हे?"

मालतीबाई म्हणाल्या, "व्हय. घेतात."

आप्पा दारात उभा होता. "वैनी, काय बोलताय? मी घेतो. त्यो शिवत न्हाय. इतक्या वर्सात माज्या ताटाशेजारी बसून नुसतं शेंगदाणं खाल्ल्यात त्यानं."

मालतीबाईंना वाटलं, मित्र मित्राला झाकतोय. डॉक्टरांनी सलाइन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, उतरली की बरं वाटेल म्हणाले. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरच ते चालले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ते गाडीत परत आले. एकनाथराव पलंगावर पडून होते. नाव घेतलं तर डोळे उघडत, पण ओळख उशिरा पटत होती. उतरण्याऐवजी चढतच होतं. शर्टाला उलटीचे शिंतोडे होते. मालतीबाईंनी बॅगेतून नवा पांढरा टॉवेल काढला, त्याचं एक टोक न्हाणीच्या नळाखाली भिजवलं आणि पिळलं. पुसायला म्हणून दाराशी आल्या आणि सवयीनं हात वर गेला. टॉवेल उजेडाकडे धरला गेला.

भिजला होता तिथं टॉवेल पांढरा नव्हता. बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला तो पांढराच दिसला असता. पण मालतीबाईंनी जन्म पांढऱ्यात घालवला होता. नीळ जास्त झालेला पांढरा, पिवळट पांढरा, धुण्यात दुसऱ्या रंगाचा हात लागलेला पांढरा, हे सगळे त्यांना वेगळे ओळखता येत. या पांढऱ्यावर हिरवी झाक होती.

त्यांनी आप्पाच्या कळशीतलं पाणी घेऊन टॉवेलचं दुसरं टोक भिजवलं. ते पांढरंच राहिलं. मग गॅसच्या टाकीमागचा डबा काढला, त्यातला एक थेंब तिसऱ्या टोकावर टाकून पाण्यानं पातळ केला. तोच हिरवा. नळाखाली बोट धरून त्यांनी जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकलं. पाणी गोड होतं. विहिरीचं असतं तसं नाही. साखरेसारखं गोड.

मालतीबाईंना तांब्या आठवला, चहा आठवला, आणि दुपारी आपण आपल्या हातानं पाजलेला ग्लास आठवला. त्यांनी फोन काढला आणि पंचाक्षरीला लावला. दुसरं कुणाला विचारायचं, हे त्यांना सुचलं नाही.

"कूलंट पोटात गेलं तर काय होतं?"

"मामी, मागचा कॉक उघडलाय काय?"

"व्हय."

"कोण प्यालंय?"

"हे. रोज."

"विष हाय ते. गावातल्या दवाखान्यात थांबू नका. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात आणा, लगेच. कूलंटचा डबा बरोबर घ्या. डॉक्टरला डबा दाखवा, मग बाकीचं बोला. मी तिथं येतो."

आप्पानं जीप काढली. एकनाथरावांचं डोकं मांडीवर घेऊन मालतीबाई डबा पोटाशी धरून बसल्या होत्या.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर बिराजदार म्हणून तरुण बाई होत्या. मालतीबाईंनी डबा टेबलावर ठेवला. पाणी, टाकी, तांब्या, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मोडनिंबात मी सांगितलं हे दारू पितात म्हणून. ते खरं न्हाय. मला नुसता संशय होता."

डॉक्टरबाईंनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली, भराभर रक्त तपासायला पाठवलं आणि मग त्यांना बाजूला घेऊन समजावलं. कूलंट चढतं ते दारूसारखंच. बोलणं जड, चाल वाकडी, पण तोंडाला वास नाही. पुढं शरीर त्याचं जे करतं, ते मूत्रपिंडांना घातक. ते रक्तातून काढायला मशीन लावावं लागेल. तोवर शरीरानं त्याला हात लावू नये म्हणून एक औषध असतं, ते शहरात आत्ता मिळत नाही. दुसरा उतारा आहे.

"काय?"

"दारू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोजून, नळीनं किंवा तोंडानं. शरीर आधी दारू पचवायला घेतं आणि कूलंट तसंच राहतं. मग मशीन ते बाहेर काढतं. आम्ही लक्ष ठेवून देऊ. पण तुमची संमती लागेल."

मालतीबाईंनी मान हलवली.

एकनाथराव तेव्हा थोडे शुद्धीवर होते. नर्स कप घेऊन आली, त्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. "मी सोडलीया," ते अडखळत म्हणाले. नर्सनं पुन्हा पुढं केला. त्यांनी हातानं कप ढकलला. "मालतीला इचारा. सोडलीया मी."

मालतीबाई उशाशी आल्या. "मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "औषद हाय हे. घ्या. मी सांगते."

त्यांनी बायकोकडं बघितलं. मग प्यायले, कडू औषध पितात तसं, डोळे मिटून. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. मालतीबाई त्या वासाजवळ खुर्ची ओढून बसून राहिल्या.

पुण्याहून ऋतुजा आली. दवाखान्याच्या बोळात आप्पाच्या तोंडून तिला सगळं कळलं, वडील एके काळी प्यायचे हेसुद्धा. आईनं जे आयुष्यभर मुलीपासून जपलं होतं ते आईच्याच एका वाक्यानं बाहेर आलं. ऋतुजा रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "आई, तू एकदा सरळ त्यांनाच का नाही विचारलंस?"

मशीन काही वेळा लावावं लागलं. लघवी पुन्हा नीट सुरू झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी धोका टळल्याचं सांगितलं. मूत्रपिंडं पूर्ण पूर्ववत व्हायला वेळ लागेल, मीठ कमी, तपासणी चालू ठेवायची, असं बजावून त्यांना घरी सोडलं.

मधल्या काळात पंचाक्षरी मोडनिंबला जाऊन घरगाडी ओढून घेऊन आला होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं मागची टाकी कापून तांब्याचं वेटोळं काढून ठेवलं होतं. मालतीबाई गॅरेजला गेल्या तेव्हा त्यानं वेटोळं पाण्यात बुडवून त्यात हवा भरली. एका वळणावर बारीक बुडबुडे आले. सुईच्या टोकाएवढं भोक.

"गाडी पळत असताना इंजिनाच्या पाण्याला दाब असतो," तो म्हणाला. "ते हितनं टाकीत जायचं. गाडी बंद करून तुमी नळासाठी पंप लावला की टाकीचा दाब जास्त. मग टाकीतलं पाणी उलट इंजिनात. म्हणून तुमची बाटली कधी खाली, कधी वर."

"आदल्या मालकाला म्हाईत असंल हे?"

"असंल, नसंल. पाणी कमी होतंय म्हणून बंद केलं असंल, कशानं ते कळलं नसंल." त्यानं वेटोळं खाली ठेवलं. "मी त्या दिवशी विचारलं होतं मामी. काय नवीन केलंय काय म्हणून."

"मी बोलू दिलं न्हाय त्यांना."

"हां," पंचाक्षरी म्हणाला. जाऊ द्या, असं काही तो म्हणाला नाही. दोन्ही नळ्या त्यानं इंजिनापाशीच कापून बंद केल्या, रेडिएटर आणि इंजिन आतून धुऊन काढलं, नवं कूलंट भरलं. पिण्याच्या आणि आंघोळीच्या पाण्याची सगळी लाइन बदलली. मालतीबाई तिथं उभ्या होत्या. त्यानं त्यांना नरसाळं धरायला दिलं. त्या दोघांचं आजही फारसं बोलणं नाही. पण गाडीचं काम दुसरीकडं जात नाही.

एकनाथरावांना मोडनिंबच्या दवाखान्यातली गोष्ट कळणारच होती. एका तपासणीला डॉक्टरबाईंच्या बोलण्यात ती सहज येऊन गेली. घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढून ठेवली आणि विचारलं, "तू सांगितलंस, मी पितो म्हणून?"

"व्हय."

ते खुर्चीवर बसले. मालतीबाई उभ्याच होत्या.

"तू वास घ्यायचीस ते मला म्हाईत होतं," ते म्हणाले. "पैल्यापास्नं."

"मग बोलला का न्हाय?"

"वास आला न्हाय की तू निवांत जेवायचीस. म्हणून बोललो न्हाय."

त्यानंतर काही महिने एकनाथराव कुठंही जाताना आपणहून सांगू लागले. पानटपरीवर जातोय, पेन्शनच्या कामाला जातोय, येतो अर्ध्या तासात. कुणी विचारलेलं नसायचं. ते सांगणं ऐकताना मालतीबाईंना वाटायचं, विचारलेलं परवडलं. एकदा त्या म्हणाल्या, "सांगू नका मला." ते म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी सांगायचं त्यांनी खरंच बंद केलं, आणि मग दुपारभर ते कुठं गेले असतील या विचारात मालतीबाईंच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं. स्वभाव असा एका झटक्यात जात नाही, हे त्या हसून सांगतात.

ऋतुजा गाडी विका म्हणत होती. दोघांनीही विकली नाही. उन्हाळा सरल्यावर डॉक्टरबाईंनी गाडी चालवायला परवानगी दिली तेव्हा ते येडशीच्या रानात जायला निघाले. बार्शी मागं पडली आणि घाट लागला. चढाला इंजिनाचा आवाज जड झाला. मालतीबाईंचं लक्ष काट्याकडं गेलं. तो मधल्या रेघेवरून सरकत होता. एवढा चालतो का, जास्त झालाय का, हे त्यांना कळत नव्हतं. विचारायचं तोंडावर आलं होतं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

पुढच्या वळणावर रुंद जागा आली तशी एकनाथरावांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"जरा निवू दे," ते म्हणाले. "चढाला होतं येवढं. काय काळजी न्हाय."

"बरं," मालतीबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या. बॉनेटकडं न जाता त्या रस्त्याच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मागं फॅनचा आवाज वाढला, मग हळूहळू कमी झाला. एकनाथरावांनी हाक मारली तेव्हा त्या येऊन आपल्या जागेवर बसल्या.